पाचगणीचा पियानो, वेम्बलीचा गळा : फ्रेडी मर्क्युरीची घडण

सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून एक वाद्यवृंद उभा केला. त्याचे नाव ‘द हेक्टिक्स’. शाळेच्या समारंभांत हा वृंद क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड अशा त्या काळच्या लोकप्रिय गायकांची गाणी सादर करी. पुढे उभा राहून गाणारा मुलगा निराळाच होता. बाजूला पियानोवर बसलेला, पुढे आलेल्या दातांमुळे संकोचणारा १२ वर्षांचा पारशी मुलगा म्हणजे फरोख बलसारा. शाळेतले मित्र त्याला फ्रेडी म्हणत. पुढे २७ वर्षांनी, १३ जुलै १९८५ रोजी, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर सुमारे ७२ हजार श्रोत्यांना केवळ आपल्या आवाजाच्या बळावर गायला लावणारा ‘क्वीन’ या वृंदाचा फ्रेडी मर्क्युरी तो हाच.

या दोन टोकांमधले अंतर ‘दैवी देणगी’ या एका शब्दाने भरून काढण्याचा मोह अनेकांना होतो. त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या लेखांनी आणि २०१८ च्या चित्रपटानेही त्याच्या आयुष्याची अशीच झळाळती कथा केली. मात्र त्याच्या कारकिर्दीचे टप्पे क्रमाने पाहिले, तर दिसते ते वेगळेच. तो जन्मतः गायक नव्हता. तो गायक झाला. पियानो, चित्रकला, ध्वनिमुद्रणाचे तंत्र, रंगमंच आणि अखेरीस स्वतःचे आजारपण, या प्रत्येकाने त्याच्या गाण्यात काही ना काही भर घातली.

बंदरातला जन्म, डोंगरावरची शाळा

फरोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये झाला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचे हे बेट तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखालची सल्तनत होते. लवंगांच्या व्यापारामुळे आणि सरकारी नोकऱ्यांमुळे पश्चिम भारतातील अनेक समाज तिथे स्थिरावले होते. त्यांत गुजराती व्यापारी होते, पारशी होते आणि गोव्यातून गेलेली ख्रिस्ती कुटुंबेही होती. फरोखचे वडील बोमी तेथील सरकारी न्यायालयात रोखपाल होते. बलसारा हे आडनाव दक्षिण गुजरातेतील बलसाड या गावावरून आलेले. घरात झरतुष्ट्री धर्माचे संस्कार होते आणि मुलाने चांगले इंग्रजी शिक्षण घ्यावे, ही वसाहतीतल्या नोकरदाराची स्वाभाविक आकांक्षाही होती.

त्या आकांक्षेपोटी आठ वर्षांचा फरोख बोटीने मुंबईला आला आणि तेथून पाचगणीच्या वसतिगृहात दाखल झाला. वर्षाचा बहुतेक काळ शाळेत आणि सुट्ट्या पुष्कळदा मुंबईतील नातलगांकडे, असे त्याचे बालपण गेले. आईवडील समुद्रापलीकडे होते. त्यांची भेट विरळच होई. या काळाबद्दल पुढे तो फारसे बोलला नाही. मुलाखतींतून तो आपल्या भारतीय आणि झांझिबारी बालपणाला बहुधा बगल देत असे. पण गायकाच्या घडणीच्या दृष्टीने ही वर्षे निर्णायक ठरली. रेडिओवर ऐकलेले गाणे थोड्याच वेळात पियानोवर वाजवून दाखवण्याची त्याची क्षमता शाळेच्या नजरेत आली. पालकांना कळवून त्याची पियानोची स्वतंत्र शिकवणी सुरू करण्यात आली आणि तो लेखी व प्रात्यक्षिक परीक्षांच्या चौथ्या श्रेणीपर्यंत पोहोचला. टेबल टेनिस आणि चित्रकला हेही त्याचे शाळेतले छंद होते.

चौथी श्रेणी ही काही मोठी मजल नव्हे. पण तिने त्याला एक गोष्ट दिली. पाश्चात्त्य संगीतात एका वेळी अनेक स्वर एकमेकांना धरून चालतात. ती बांधणी गळ्यापेक्षा आधी त्याच्या बोटांना कळली. आपल्याकडचा गायक बहुधा एका स्वररेषेतून गाणे उलगडत नेतो. फ्रेडी मात्र गाणे उभ्या रचनेसारखे पाहायला शिकला: पायात कोणता स्वर, मधे कोणता, माथ्यावर कोणता. पुढे त्याने रचलेल्या बहुतेक महत्त्वाच्या गाण्यांचा जन्म पियानोवरच झाला.

क्रांती, स्थलांतर आणि चित्रशाळा

१९६३ मध्ये फ्रेडी झांझिबारला परतला. त्याच वर्षी १० डिसेंबरला बेट स्वतंत्र झाले आणि जेमतेम महिनाभरात, १२ जानेवारी १९६४ रोजी, सुलतानाविरुद्ध क्रांती झाली. अरब आणि भारतीय वंशाच्या लोकांची मोठी हत्या झाली. अनेक कुटुंबांप्रमाणे बलसारा कुटुंबालाही हातात येईल ते घेऊन निघावे लागले. ते लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्थॅम या उपनगरात जाऊन राहिले. झांझिबारमधील प्रतिष्ठित नोकरीनंतर इंग्लंडमध्ये सारे पहिल्यापासून मांडायचे होते. फ्रेडीनेही विमानतळावर सामान हलवण्याची कामे केली.

तंत्रनिकेतनातून तो ईलिंग कला महाविद्यालयात गेला आणि १९६९ मध्ये त्याने ग्राफिक कला व आरेखनाची पदविका घेतली. त्याच्या गाण्याच्या इतिहासात या पदविकेला जेवढे महत्त्व मिळायला हवे तेवढे मिळत नाही. जिमी हेंड्रिक्स हे त्याचे त्या काळातले दैवत. त्याच्या मैफली फ्रेडी पुन्हा पुन्हा ऐके आणि त्याची चित्रे काढी. गिटारवादकाचे कपडे, हालचाल, प्रकाश आणि आवाज हे सारे मिळून एकच चित्र होते, ही जाणीव त्याला चित्रशाळेने दिली. पुढे ‘क्वीन’चे मानचिन्ह त्याने स्वतः रेखाटले. चौघांच्या राशींवरून त्यात दोन सिंह, एक खेकडा आणि दोन पऱ्या आल्या आणि वर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी.

याच महाविद्यालयातील टिम स्टाफेल हा ‘स्माइल’ नावाच्या वृंदात गात असे. गिटारवादक ब्रायन मे आणि ढोलवादक रॉजर टेलर हे त्याचे साथीदार. फ्रेडी या वृंदाचा चाहता होता आणि आगंतुक सल्लागारही. त्यांनी कसे उभे राहावे, काय घालावे, कार्यक्रम कसा बांधावा, हे तो त्यांना सांगत असे. गुजराण करण्यासाठी त्याने आणि टेलरने केन्सिंग्टनच्या बाजारात जुन्या कपड्यांचे आणि चित्रांचे दुकान मांडले होते. १९६९ मध्ये ‘आयबेक्स’ या वृंदात त्याला पहिल्यांदा मुख्य गायक म्हणून संधी मिळाली. तेव्हाच्या त्याच्या गळ्यात जोर होता, पण ताबा नव्हता; कंप अनावर असे, अशी आठवण त्याचे सहकारी नंतर सांगत. १९७० मध्ये स्टाफेल ‘स्माइल’मधून बाहेर पडला आणि रिकाम्या जागेवर फ्रेडी उभा राहिला. वृंदाचे नाव ‘क्वीन’ असावे हा आग्रह त्याचाच. त्याच सुमारास त्याने बलसारा हे आडनाव टाकून मर्क्युरी हे नाव घेतले. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन आला आणि पुढे २० वर्षे न बदललेली चौकडी पूर्ण झाली.

स्टुडिओ : नवे वाद्य

पहिला अल्बम १९७३ मध्ये निघाला. त्यातले बरेचसे ध्वनिमुद्रण लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत, नामवंत कलाकारांनी वापरून झाल्यावर उरलेल्या अडनिड्या वेळांत झाले होते. अल्बमने फारसा गाजावाजा केला नाही, पण या अडचणीतून फ्रेडीला स्टुडिओची ओळख पटली. ध्वनिफितीवर एकच आवाज पुन्हा पुन्हा, थरावर थर देत नोंदवता येतो, हे तंत्र त्याच्या पियानोवर घडलेल्या कानाला नेमके मानवले. तिघांच्या गळ्यांतून ६० जणांचे वृंदगान उभे करता येईल, हे त्याच्या लक्षात आले.

१९७४ च्या ‘क्वीन टू’ या अल्बमची एक संपूर्ण बाजू त्याने एकट्याने रचली. लंडनच्या टेट चित्रसंग्रहालयातील रिचर्ड डॅड या चित्रकाराच्या एका गजबजलेल्या चित्रावर त्यात एक गाणे आहे. साथीदारांना ते चित्र समजावे म्हणून त्याने त्यांना संग्रहालयात नेले होते. चित्रात जसे प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी घडत असते, तसेच गाण्यातही घडावे, ही त्याची धडपड होती. त्या अल्बममधली काही गाणी अतिभारित वाटतात. रचनाकाराची महत्त्वाकांक्षा तेव्हा त्याच्या कौशल्याच्या पुढे धावत होती. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ‘किलर क्वीन’ने हे संतुलन साधले. तीन मिनिटांच्या आटोपशीर, नेटक्या गाण्यात त्याने तीच कारागिरी लपवून ठेवली आणि ब्रिटिश यादीत ते दुसऱ्या स्थानापर्यंत गेले.

मग १९७५ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आले. लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद. साथीविना वृंदगान, पियानोवरचे संथ गीत, गिटारचा एकल तुकडा, ऑपेराच्या थाटाचा नाट्यपूर्ण भाग, त्यानंतर कर्कश रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता, अशी त्याची विभागणी. पालुपद नाही. ऑपेराच्या भागासाठी मर्क्युरी, मे आणि टेलर दिवसाचे दहा-दहा तास गात राहिले आणि हे काम सुमारे तीन आठवडे चालले. थरांवर थर चढवताना फीत इतक्या वेळा यंत्रातून गेली की तिच्यावरचा लेप झिजून ती आरपार दिसू लागली, असे त्यांनी सांगितले आहे. एवढे लांब गाणे रेडिओ वाजवणार नाही, या भीतीने कंपनी ते काढायला राजी नव्हती. निवेदक केनी एव्हरेट यांनी लंडनच्या कॅपिटल रेडिओवर ते पुन्हा पुन्हा वाजवले आणि श्रोत्यांनी दुकाने गाठली. गाणे सलग नऊ आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिले.

ही किमया एका रात्रीत सुचली असावी, असा समज अनेक वर्षे होता. २०२३ मध्ये लंडनला त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा या गाण्याची हस्तलिखित टिपणे बाहेर आली. कित्येक पानांवर शब्द लिहिलेले, खोडलेले, पुन्हा लिहिलेले. शीर्षकात ‘बोहेमियन’च्या जागी आधी ‘मंगोलियन’ असे लिहून ते छेदलेले होते. उत्स्फूर्त भासणारे ते गाणे खाडाखोडीतून निघाले होते.

गर्दीशी जुळलेली तार

स्टुडिओत उभी केलेली ही मनोऱ्यांसारखी गाणी रंगमंचावर जशीच्या तशी उतरणे अशक्य होते. तिथे गळे होते चार आणि हात आठ. या अडचणीने फ्रेडीला दुसरी विद्या शिकवली. उरलेले आवाज श्रोत्यांकडून घ्यायचे. १९७७ मध्ये ‘वी आर द चॅम्पियन्स’ त्याने रचले ते फुटबॉलच्या मैदानावर हजारो लोक एकसुरात गातात ते डोळ्यांसमोर ठेवून. चाल सोपी, टप्पे मोठे आणि सर्वसामान्य गळ्यालाही पेलतील असे. ज्या माणसाने दोन वर्षांपूर्वी पालुपद नसलेले गाणे रचले होते, त्यानेच आता निव्वळ पालुपदाच्या ताकदीवर उभे राहणारे गाणे दिले. याच काळात इंग्लंडमध्ये पंक संगीताची लाट आली होती. भपका, कारागिरी आणि कौशल्य यांची ती टर उडवत होती. ‘क्वीन’ त्या लाटेत वाहून गेला नाही, याचे एक कारण गर्दीशी झालेली ही गट्टी होय.

सोल संगीताची राणी अरेथा फ्रँकलिन ही त्याची आवडती गायिका. तिच्या गायकीला सलाम म्हणून त्याने १९७६ मध्ये ‘समबडी टू लव्ह’ रचले आणि चर्चमधले वृंदगान तीन गोऱ्या-सावळ्या गळ्यांतून उभे केले. १९७९ मध्ये म्युनिकच्या हॉटेलात, अंघोळ करता करता सुचलेले ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ एल्व्हिस प्रेस्लीच्या ढंगाचे होते. त्याची बांधणी मुद्दाम साधी ठेवली होती आणि रंगमंचावर फ्रेडी ते अगदी जुजबी येणाऱ्या गिटारवर वाजवी. त्या गाण्याने अमेरिकेत त्यांना पहिला पहिला क्रमांक मिळवून दिला. त्याच वर्षी तो लंडनच्या रॉयल बॅले या नामांकित संस्थेच्या कलाकारांसोबत धर्मादाय कार्यक्रमात नाचलाही. एकाच प्रकारात स्थिरावणे त्याला मंजूर नव्हते. मार्च १९८१ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात १ लाख ३१ हजार श्रोत्यांसमोर ‘क्वीन’ने गाणे केले. इंग्रजी न कळणारा तो जमाव फ्रेडीने आपल्या मैत्रिणीसाठी लिहिलेले ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ शब्दन्‌शब्द गात होता.

पडझड आणि वेम्बलीची २१ मिनिटे

या आलेखाला उतारही होता. १९८२ च्या ‘हॉट स्पेस’ या अल्बममध्ये नृत्यगृहांतल्या संगीताकडे वळण्याचा प्रयोग जुन्या रसिकांना रुचला नाही. १९८४ मध्ये स्त्रीवेश घेतलेल्या चौघांची एक विनोदी चित्रफीत ब्रिटनमध्ये आवडली, पण अमेरिकेत तिने नाराजी ओढवली. त्याहून गंभीर चूक त्याच वर्षी ऑक्टोबरात झाली. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर जगभरच्या कलाकारांनी बहिष्कार घातलेला असताना ‘क्वीन’ने तेथील सन सिटी या करमणूक केंद्रात कार्यक्रम केले. आपण राजकारणात पडत नाही, ही त्यांची भूमिका कोणालाही पटली नाही. ब्रिटिश संगीतकारांच्या संघटनेने त्यांना दंड केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्यांचे नाव गेले. वांशिक हिंसेमुळे ज्याचे स्वतःचे घर सुटले, अशा माणसाला हा निर्णय करताना काय वाटले असेल, हा प्रश्न त्याच्या चरित्रात अनुत्तरितच राहतो.

इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज यूर यांनी आखलेल्या ‘लाइव्ह एड’चे निमंत्रण या पार्श्वभूमीवर आले. चित्रपटात दाखवले आहे तसा वृंद तेव्हा मोडलेला नव्हता. मे १९८५ पर्यंत तो जपानात कार्यक्रम करत होता. पण त्याचे दिवस भरले, अशी कुजबुज होतीच. प्रत्येक कलाकाराला मिळालेला वेळ जेमतेम २० मिनिटांचा होता. इतरांनी त्या कार्यक्रमाकडे उत्सव म्हणून पाहिले, ‘क्वीन’ने परीक्षा म्हणून. घड्याळ लावून तालीम झाली, लांब गाण्यांचे नेमके तुकडे निवडले गेले आणि सहा गाण्यांचा सलग पट बांधला गेला. संध्याकाळच्या उजेडात, नेहमीच्या दिव्यांची आणि धुराची साथ नसताना, पांढऱ्या बनियनमधला फ्रेडी रंगमंचावर आला. मधल्या एका विरामात त्याने शब्दांविना आलाप सोडला आणि स्टेडियमने तो उचलून परत केला. मग तो अधिक अवघड केला आणि तोही परत आला. गुरूने म्हणावे आणि शिष्याने गिरवावे, अशी ती तालीमच होती. शिष्य तेवढे ७२ हजार होते. पियानो, आरेखन, स्टुडिओ आणि गर्दी यांतून शिकलेले सारे त्या २१ मिनिटांत एकवटले.

पुढल्या वर्षी २७ जुलैला बुडापेस्टमध्ये, पोलादी पडद्यामागच्या हंगेरीत, त्याने तेथील एक लोकगीत हंगेरियन भाषेत गायले. शब्द लक्षात राहावेत म्हणून ते त्याने तळहातावर लिहून घेतले होते. ९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधील नेबवर्थच्या मैदानावर लाखाहून अधिक लोकांपुढे झालेला कार्यक्रम हा ‘क्वीन’सह त्याचा अखेरचा जाहीर कार्यक्रम ठरला. तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हते.

गळ्याचे गणित

त्याच्या आवाजाविषयी दंतकथा पुष्कळ. २०१६ मध्ये ऑस्ट्रिया, चेक प्रजासत्ताक आणि स्वीडनमधील आवाजशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचे मोजमाप करून त्यांतल्या काही तपासल्या. बोलण्याच्या आवाजावरून तो मध्यम पट्टीचा, म्हणजे बॅरिटोन जातीचा होता. गायला मात्र तो त्याहून वरच्या, टेनरच्या पट्टीत. चार सप्तकांची जी ख्याती होती, तिला ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. कंप मात्र सामान्य गायकांहून अधिक वेगाचा, सेकंदाला सुमारे सात आंदोलनांचा आणि काहीसा अनियमित होता. आवाजाला येणारी खर ही स्वरतंतूंबरोबर त्यांच्या वरच्या पडद्यांनाही कंपित करण्यातून येत असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. नैसर्गिक पट्टी सोडून वर गाणे, हे रोजच्या रोज स्वतःवर ताण घेणे होते. स्वरतंतूंवरच्या गाठींनी त्याला कारकीर्दभर सतावले. जबड्यात मागे असलेल्या चार जास्तीच्या दातांमुळे समोरचे दात पुढे आले होते. पैसा आल्यावरही त्याने ते काढले नाहीत, कारण तोंडातली पोकळी बदलली तर स्वर बदलेल, असे त्याला वाटे. लहानपणीचा संकोच त्याने गळ्यासाठी आयुष्यभर बाळगला.

या गळ्याची खरी कसोटी त्याने स्वतःच मागून घेतली. स्पेनच्या थोर ऑपेरा गायिका मोंसेरात काबाये यांचा तो निस्सीम भक्त होता. १९८७ मध्ये दोघांची भेट झाली आणि संगीतकार माइक मोरान यांच्या साथीने ‘बार्सिलोना’ हा अल्बम आकाराला आला. तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तालमीत वाढलेल्या शास्त्रीय गळ्यासमोर स्वयंशिक्षित गळा उभा करणे हे धाडस होते. फ्रेडीने त्यांची नक्कल केली नाही. त्यांच्या विस्तीर्ण स्वराभोवती त्याने आपला धारदार स्वर फिरवला. १९७५ मध्ये गमतीने, थोड्या विडंबनाच्या अंगाने ज्या ऑपेराला त्याने हात घातला होता, तिच्याशी आता त्याचे नाते आदराचे झाले होते.

माँट्रोची शेवटची वर्षे

‘बार्सिलोना’चे काम सुरू होते त्याच १९८७ मध्ये त्याला एड्स असल्याचे निदान झाले. परिणामकारक उपचार तेव्हा नव्हते आणि इंग्लंडच्या सनसनाटी वृत्तपत्रांत या रोगाबद्दल आणि समलैंगिक पुरुषांबद्दल विखार होता. फ्रेडीने आपले खासगी आयुष्य कधीच जाहीर केले नव्हते. आता आजारही त्याने मोजक्या माणसांपुरता ठेवला. त्याच्या केन्सिंग्टनमधील घराबाहेर छायाचित्रकारांचा पहारा बसला. तो मात्र स्वित्झर्लंडमधील माँट्रो या तलावाकाठच्या गावी, वृंदाच्या मालकीच्या स्टुडिओत गात राहिला. १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून चौघांनी गाण्यांचे श्रेय वेगवेगळे न देता एकत्र देण्याचे ठरवले. रचनेच्या श्रेयावरून अनेक वर्षे चाललेली आपसातली ओढाताण मृत्यूच्या सावलीत मिटली.

फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘इन्युएंडो’ प्रसिद्ध झाला. त्यातले अखेरचे गाणे मुख्यतः ब्रायन मे यांनी रचले होते. त्याची चाल इतकी वर जाते की चालताही न येणाऱ्या मित्राला ती झेपेल का, अशी त्यांना शंका होती. मे यांच्या आठवणीनुसार फ्रेडीने व्होडकाचा घोट घेतला आणि ते गाणे गाऊन टाकले. मे महिन्यात त्याने ‘मदर लव्ह’साठी गायला सुरुवात केली. नुसत्या यंत्राच्या ठेक्यावर एकेक कडवे नोंदवून ठेवायचे, साथीदारांनी नंतर गाणे पुरे करावे, अशी ती योजना होती. शेवटचे कडवे त्याच्याकडून राहिले. ते पुढे मे यांनी गायले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याचे शेवटचे चित्रण झाले. कृश झालेला चेहरा जाड रंगभूषेखाली होता, अंगात मांजरांची चित्रे असलेले जाकीट होते आणि नजर थेट कॅमेऱ्याकडे.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदन काढून आजार जाहीर केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वयाच्या ४५ व्या वर्षी, एड्समुळे झालेल्या न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. आधी बोलला असता तर याच रोगाने ग्रासलेल्या, वाळीत टाकलेल्या हजारो लोकांना बळ मिळाले असते, ही टीका त्याच्यावर तेव्हा झाली आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण तो बोलला असता तर ती शेवटची दोन-तीन वर्षे गाण्याची राहिली नसती, त्याच्या आजाराच्या बातम्यांची झाली असती, हेही तितकेच खरे. त्याने गाणे निवडले. त्याची किंमत इतरांनी किती मोजली, याचा हिशेब मांडणे सोपे नाही.

नाव टाकले, मूळ राहिले

अंत्यविधी पारशी मोबेदांनी अवेस्तातील प्रार्थना म्हणून केले आणि लंडनच्या केन्सल ग्रीन येथे दहन झाले. आडनाव टाकलेल्या मुलाच्या निरोपाला आईवडिलांचा धर्म हजर होता. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा प्रसिद्ध झाले आणि पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीवर त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. एड्सविरोधी कामासाठी त्याच्या मानचिन्हातील पक्ष्याच्या नावाने मर्क्युरी फिनिक्स न्यास उभा राहिला. जिवंतपणी जे त्याच्याकडून राहून गेले, त्यातले काही या न्यासाने भरून काढले. त्याने नोंदवून ठेवलेल्या आवाजाभोवती साथीदारांनी रचलेला ‘मेड इन हेवन’ हा अल्बम १९९५ मध्ये निघाला.

पाश्चात्त्य पॉप संगीताच्या इतिहासात फ्रेडी मर्क्युरीहून निर्दोष गायक सापडतील, अधिक खोल लिहिणारे कवीही सापडतील. त्याचे वेगळेपण निराळ्या ठिकाणी आहे. पियानोची चौथी श्रेणी, आरेखनाची पदविका आणि मूळ पट्टीने खालचा असलेला गळा एवढ्या भांडवलावर त्याने स्वतःला घडवले आणि प्रत्येक यशानंतर ते यश मागे ठेवून पुढची गोष्ट शिकायला घेतली. माँट्रोच्या तलावाकाठी त्याचा पुतळा उभा आहे. एक मूठ आकाशाकडे उंचावलेली. संगीत शिकणाऱ्या तरुणांना मात्र त्या आवेशापेक्षा लिलावात निघालेल्या त्या खाडाखोडीच्या पानांकडून अधिक शिकता येईल.